मरियेसमोर गुडघे टेकलेला तो श्रीमंत माणूस कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपातल्या संग्रहालयांत मरिया आणि बाळ येशूच्या कितीतरी चित्रांमध्ये एखादा भरजरी कपड्यांतला माणूस हात जोडून गुडघ्यांवर बसलेला दिसतो. कधी सोबत बायको-मुलंही असतात. बायबलमध्ये या माणसांचा कुठे पत्ता नाही. मग ती देवाच्या इतक्या जवळ कशी? पैसे मोजून जागा विकत घेतली का? आणि चर्चला हे चाललं कसं?

मी कलामहाविद्यालयात पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवते. पंधराव्या शतकाशी आलो की वर्गातून हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यात थोडा रागही असतो. राग समजण्यासारखा आहे. समोर मरिया, मांडीवर बाळ, आणि बाजूला कोणी सावकार!

पैसे त्यांनीच मोजले, यात शंका नाही. कलेतिहासात या प्रकाराला दात्याचं व्यक्तिचित्र म्हणतात. चित्राचा, बहुधा वेदीचा आणि कित्येकदा अख्ख्या चॅपेलचा (चर्चमधल्या छोट्या प्रार्थनागृहाचा) खर्च ज्याने उचलला, तो माणूस चित्रातच दाखवलेला असतो. पण ते पैसे नेमके कशाचे होते हे कळल्याशिवाय चित्र कळत नाही. ही चित्रं एका मोठ्या व्यवहाराचा डोळ्यांना दिसणारा भाग आहेत, असं मी मानते. त्या व्यवहारात जमीन असते, तिचं उत्पन्न असतं, धर्मगुरूचं मानधन असतं, मेणबत्त्यांचा खर्च असतो, थडगं असतं आणि त्या सगळ्यासोबत चित्र असतं. पुढे संग्रहालयात चित्र तेवढं आलं, बाकीचं मागे राहिलं. म्हणून तो माणूस आपल्याला चित्रात घुसल्यासारखा वाटतो.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. बेल्जियममधल्या ब्रुजच्या ग्रोनिंगे संग्रहालयात यान व्हॅन आयकचं एक चित्र आहे, फ्रेमसह पावणेदोन मीटर रुंद. मधे सिंहासनावर मरिया आणि बाळ. डावीकडे निळ्या भरजरी झग्यात संत डोनेशियन, उजवीकडे चिलखत घातलेले संत जॉर्ज. त्यांच्या पुढ्यात पांढऱ्या झग्यात एक म्हातारा गुडघे टेकून आहे. त्याचं नाव योरिस व्हॅन डर पाले, ब्रुजच्या सेंट डोनेशियन चर्चचा कॅनन, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळाचा सदस्य. तरुणपणी त्याने रोममध्ये पोपच्या कचेरीत काम केलं, उतारवयात तो गावी परतला आणि आजारपणामुळे त्याला चर्चमधली कामं झेपेनाशी झाली. व्हॅन आयकने त्याचा चेहरा जसा रंगवला आहे तसा त्याआधी क्वचितच कोणी रंगवला असेल: कानशिलावरच्या फुगलेल्या शिरा, गळ्याच्या लोंबत्या वळ्या, थकलेले डोळे. हातात प्रार्थनापुस्तक आणि चष्मा आहे. या चेहऱ्यावरून पुढच्या काळातल्या डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याची निदानंही करून पाहिली आहेत.

आता फ्रेमकडे बघा. मूळ फ्रेम शाबूत आहे आणि तिच्यावर लॅटिनमध्ये मजकूर आहे. त्याचा मथितार्थ असा: या चर्चचा कॅनन योरिस व्हॅन डर पाले याने हे काम चित्रकार यान व्हॅन आयककडून करवून घेतलं, आणि इथे दोन चॅपलेनपदं स्थापन केली, १४३४, काम पुरं झालं १४३६ मध्ये. चॅपलेनपद म्हणजे एका धर्मगुरूच्या उपजीविकेची कायमची तरतूद. त्या बदल्यात त्याने ठरलेल्या दिवशी दात्याच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करायची. चित्र आणि दानपत्र एकाच फ्रेमवर, एकाच वाक्यसंगतीत लिहिलेली आहेत. व्हॅन डर पाले १४४३ मध्ये वारला. त्यानंतरही धर्मगुरू यायचा, मिस्सा व्हायची, आणि ती कोणासाठी आहे हे तिथे येणाऱ्याला चेहऱ्यासकट दिसायचं. चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीस पाडलं गेलं. चित्र वाचलं, मिस्सा थांबल्या.

हे सगळं कशासाठी, तर परगेटरीसाठी. कॅथलिक शिकवणीनुसार जो नरकात जाण्याइतका पापी नाही पण थेट स्वर्गात जाण्याइतका शुद्धही नाही, त्याचा आत्मा काही काळ शुद्धीच्या यातनांतून जातो. जिवंत माणसांच्या प्रार्थना, मिस्सा आणि दानधर्म यांनी त्या आत्म्याला मदत होते, असं १२७४ च्या लियोंच्या धर्मपरिषदेने नोंदवलं आणि १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत ते पुन्हा सांगितलं गेलं. म्हणजे मेल्यावरही माणसाला जिवंतांची गरज उरते. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं असतं, ते याच्या जवळ जातं. पण पायरीवरचं नाव आठवण राहावी एवढंच मागतं, आणि या चित्रातला माणूस बघणाऱ्याकडून एक काम मागतो: माझ्यासाठी एक प्रार्थना म्हण. ती जितकी जास्त माणसं म्हणतील तितकं बरं. म्हणून चित्र वेदीवर, म्हणून चेहरा ओळखू येईल असा, म्हणून बाजूला घराण्याचं चिन्ह.

गेंटचं जगप्रसिद्ध वेदीचित्रही याच घडणीचं आहे. त्याच्या फ्रेमवरचा श्लोक सांगतो की यानचा भाऊ ह्यूबर्ट याने काम सुरू केलं, यानने ते योडोकस वाइडच्या खर्चाने पुरं केलं, आणि ६ मे १४३२ रोजी ते लोकांसमोर आलं. वाइड आणि त्याची बायको एलिझाबेथ बोरलूट यांना मूलबाळ नव्हतं. १४३५ मध्ये त्यांनी त्या चॅपेलमध्ये रोज मिस्सा व्हावी अशी तरतूद केली. वेदीचित्राच्या दारांसारख्या फळ्या मिटल्या की खालच्या रांगेत ही जोडी दिसते. तो लाल झग्यात, टक्कल आणि चामखिळींसकट. ती पांढऱ्या शिरोवस्त्रात. त्यांच्या मधे बाप्तिस्मा देणारे योहान आणि शुभवर्तमानकार योहान हे दोघे संत आहेत, पण ते करड्या छटांत, दगडी पुतळ्यांसारखे रंगवलेले. म्हणजे रक्तामांसाची माणसं दात्यांची जोडी, आणि संत दगडाचे! पहिल्यांदा हे उलटं वाटतं. पण रोजच्या दिवशी फळ्या मिटलेल्याच असायच्या आणि सणावारी उघडायच्या. मिटलेली बाजू ही या जगाची बाजू. इथे माणसं जिवंत असतात आणि संत मूर्तीच्या रूपात भेटतात. फळ्या उघडल्या की आत स्वर्ग आपल्या पूर्ण रंगांत आहे, आणि तिथे वाइड दांपत्य नाही.

आता गर्वाचा मुद्दा. तो टाळता येत नाही, कारण पॅरिसच्या लूव्रमध्ये चॅन्सेलर रोलँ बसला आहे.

निकोला रोलँ १४२२ पासून तीन दशकांहून जास्त काळ बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री, होता; कारभार त्याच्याच हातात. जन्म ओतँ गावच्या मध्यमवर्गीय घरातला, पेशा वकिलीचा. त्यातून त्याने अफाट मालमत्ता उभी केली. १४३५ च्या सुमारास व्हॅन आयकने त्याच्यासाठी रंगवलेलं चित्र जेमतेम दोन फूट उंच आहे, आणि त्यातली धिटाई आजही दचकवते. व्हॅन डर पालेच्या मागे संत जॉर्ज उभे आहेत. ते शिरस्त्राण उंचावून ‘हा माझा माणूस’ अशी ओळख करून देतात. रोलँच्या मागे कोणीही नाही. तो मरियेसमोर, तिच्याच आकारात, तिच्याच उंचीवर आहे, आणि बाळ येशूचा आशीर्वादाचा हात त्याच्या दिशेने उचललेला आहे. मधे कोणी संत नाही, शिफारस नाही. मागे खांबांच्या कमानींतून नदी, पूल आणि शहर दिसतं. रोलँच्या बाजूला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, मरियेच्या बाजूला चर्चचे मनोरे.

मग हा गर्विष्ठ माणूस नाही का? चित्र नीट बघितलं तर उत्तर तितकं सोपं राहत नाही. रोलँच्या डोक्यामागच्या खांबांवर बारीक कोरीवकाम रंगवलेलं आहे: आदाम आणि हव्वेला बागेतून हाकललं जातंय, काइन हाबेलला मारतोय, नोहा दारू पिऊन पडलाय. माणसाच्या पापांची ही यादी बरोबर त्याच्या मस्तकामागे येते. चित्राच्या तांत्रिक तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. वरच्या रंगाखाली रोलँच्या कमरेला एक मोठी पैशांची थैली होती, ती अंतिम चित्रात नाहीशी झाली. ती कोणी काढायला लावली हे ठामपणे म्हणता येणार नाही, पण मरियेसमोर पैशांची थैली नको इतका विचार कोणीतरी केला असावा. चित्र ज्यासाठी केलं ते ओतँचं चर्च रोलँच्या घराण्याचं. बाप्तिस्मा तिथेच झाला होता, पुढे दफनही तिथेच झालं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते पाडलं गेलं. म्हणजे लूव्रच्या भिंतीवर जे एकट्या माणसाचं धाडस दिसतं, ते मुळात त्याच्या घराण्याच्या थडग्यांजवळचं होतं. लूव्रने अलीकडे या चित्राची सफाई केली आणि २०२४ मध्ये ते एका खास प्रदर्शनात मांडलं. पिवळट वार्निश उतरल्यावर मागच्या देखाव्यातली खोली फार स्पष्ट झाली आहे.

याच रोलँचं दुसरं चित्र बघितल्याशिवाय मत बनवू नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. १४४३ मध्ये त्याने आणि त्याची बायको गिगोन द सालँ हिने बोन गावात गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केलं. त्याच्या स्थापनापत्रात रोलँ स्वच्छ लिहितो की, देवाने दिलेली ऐहिक संपत्ती देऊन त्या बदल्यात स्वर्गातली संपत्ती मिळवावी असा त्याचा हेतू आहे. लेखात त्याने सरळ व्यापाराची भाषा वापरली आहे आणि त्याला त्यात काही लपवावंसं वाटलेलं नाही. रुग्णालयाचा मुख्य कक्ष म्हणजे एक लांबच लांब दालन. दोन्ही बाजूंना खाटा आणि टोकाला चॅपेल, म्हणजे अंथरुणातून वेदी दिसावी. वेदीवर रोखिर व्हॅन डर वेडनचं ‘अखेरचा न्यायनिवाडा’. फळ्या मिटलेल्या असताना बाहेरच्या बाजूला रोलँ आणि गिगोन गुडघे टेकून आहेत, आणि त्यांच्यासमोर संत सेबॅस्टियन आणि संत अँथनी हे पुन्हा दगडी रूपात. हे दोघे संत प्लेग आणि त्वचेच्या भयंकर रोगांत ज्यांचा धावा करायचा ते. खाटेवर पडलेला रोगी ज्या संतांना हाक मारतो, त्याच संतांपुढे इमारतीचा मालकही हात जोडून आहे. इथला रोलँ म्हातारा आहे, गडद पोशाखात आहे. लूव्रमधली ती समोरासमोरची बरोबरी इथे उरलेली नाही.

रुग्णालयात पहिला रोगी १ जानेवारी १४५२ रोजी दाखल झाला आणि विसाव्या शतकापर्यंत तिथे रोगी होते. रोलँच्या हयातीत आणि नंतरही लोक त्याच्याबद्दल कडवट बोलत. ज्याने इतक्यांना गरीब केलं त्याने त्यांच्यासाठी घर बांधावं हे रास्तच, असा टोला फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या नावावर सांगतात. तो टोला मला अन्यायाचा वाटत नाही. पण पाच शतकं तिथे लोकांना खाट, अन्न आणि औषध मिळालं हेही खरं आहे, आणि दाते म्हणून या माणसांकडे बघताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात. सावकारी आणि श्रद्धा एकाच माणसात खरोखर नांदू शकतात. रोलँचा चेहरा तसाच रंगवलेला आहे.

चर्चला हे कसं चाललं, याचं उत्तर इतिहासात बरंच मागे जातं. राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चचा अभिषेक ५४७ मध्ये झाला. तिथल्या मोझेइकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात, बिशप एक्लेशियस चर्चची छोटी प्रतिकृती हातात धरून ख्रिस्तासमोर उभा आहे. इस्तंबूलच्या हागिया सोफियात सम्राट पैशांची थैली घेऊन ख्रिस्ताच्या शेजारी उभा आहे. ज्या थैलीची रोलँच्या बाबतीत अडचण झाली, ती तिथे अभिमानाची खूण होती. त्या मोझेइकमधला सम्राटाचा चेहरा नंतर बदललेला आहे, कारण सम्राज्ञी झोई हिचा नवरा बदलला होता. म्हणजे दान देणारा चित्रात असणं ही ख्रिस्ती परंपरेला नवी गोष्ट नव्हती. अट होती ती आकाराची आणि जागेची. मध्ययुगात दाता बहुतेक वेळा मुंगीएवढा, मरियेच्या पायाशी. तो वाढत वाढत पंधराव्या शतकात संतांएवढा झाला. ही वाढ कुठे, किती आणि कोणाच्या बाबतीत झाली हे पाहत गेलं की युरोपातल्या शहरी श्रीमंतांचा इतिहासच डोळ्यांसमोर येतो.

पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये, १३०५ च्या सुमारास, जोत्तोने एन्रिको स्क्रोवेन्यीला ‘अखेरच्या न्यायनिवाड्या’त बसवलं. तो चॅपेलची प्रतिकृती मरियेला देतोय आणि तो बसलाय पुण्यवानांच्या बाजूला. याच भिंतीवर नरकात गळ्यात थैल्या अडकवलेले सावकार लोंबकळतात. कवी दांतेने आपल्या काव्यात याच घराण्यातल्या सावकाराला, एन्रिकोच्या बापाला, नरकात बसवलं आहे. मुलाने बापाच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून चॅपेल बांधलं, हा समज फार लोकप्रिय आहे. मला तो एवढा सरळ वाटत नाही, कारण स्क्रोवेन्यींना शहरात मिरवायचंही होतं. पण कोणत्या बाजूला बसायचं ही चिंता मात्र खरी होती.

मासाच्चोने फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्लामध्ये १४२५-२७ च्या आसपास रंगवलेल्या ‘पवित्र त्रैक्या’त दाते जवळपास खऱ्या माणसाच्या आकाराचे आहेत. पण त्यांना त्याने रंगवलेल्या चॅपेलच्या आत येऊ दिलेलं नाही. खांबांच्या बाहेर, पायरीवर नवरा-बायको गुडघे टेकून आहेत. आत क्रूस, मरिया आणि योहान. खाली एक सांगाडा, आणि त्यावर लेख: तुम्ही आहात ते मी होतो, मी आहे ते तुम्हीही व्हाल. तीन जागा, तीन पायऱ्या: पवित्र, जिवंत, मेलेले. दात्यांची जागा मधली, आपल्या सर्वांत जवळची. दात्याने किती पुढे यायचं याचं इतकं विचारपूर्वक दिलेलं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या चित्रात दिसलेलं नाही.

ओळखायचं कसं, हाही प्रश्न होता. हात जोडलेले, गुडघे टेकलेले, कपडे चित्राच्या काळातले. मरिया आणि संत मात्र काळाबाहेरच्या वस्त्रांत. मागे उभा संत बहुधा दात्याच्याच नावाचा असतो: जॉर्जसाठी जॉर्ज, तोमाझोसाठी थॉमस, एतियेनसाठी स्टीफन. नवरा बहुतेक वेळा मरियेच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डाव्या बाजूला. तो मानाचा हात. सगळ्यात महत्त्वाची खूण नजर. दाता बहुधा मरियेकडे थेट बघत नाही. त्याची नजर थोडी शून्यात असते. याचा एक अर्थ असा लावतात की तो जे बघतोय ते प्रार्थनेत बघतोय, आणि आपल्याला दिसणारं सगळं चित्रच त्याच्या ध्यानातलं आहे. काही चित्रांना हा अर्थ नेमका बसतो, सगळ्यांना नाही. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्समधल्या मेरोद वेदीचित्रात दाता शेजारच्या फळीवर अंगणात गुडघे टेकून आहे आणि उघड्या दारातून देवदूताचं आगमन बघतोय. त्याच्या मागे बायको नंतर रंगवलेली आहे, बहुधा लग्न झाल्यावर.

बायबलमधल्या पात्राला कोणाचा तरी चेहरा देणं हा मात्र वेगळा प्रकार. बोत्तिचेल्लीच्या उफित्सीतल्या ‘ज्ञानी पुरुषांच्या वंदना’त, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांच्या प्रसंगात, फ्लॉरेन्सच्या बँकवाल्या मेदिची घराण्यातली माणसं राजांच्या भूमिकेत आहेत. दाता म्हणून गुडघे टेकणं आणि राजा बनून कथेत शिरणं यांत बराच फरक आहे. पहिला आपल्याच नावाने याचना करतो, दुसरा वेश घेतो.

ब्रुजमध्ये राहणाऱ्या इटालियन बँकवाल्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मेदिची बँकेच्या ब्रुज शाखेचा प्रमुख आंजेलो तानी याने हान्स मेमलिंगकडून ‘अखेरचा न्यायनिवाडा’ करवून घेतला. बाहेरच्या फळ्यांवर तानी आणि त्याची बायको कातेरिना. ते चित्र समुद्रमार्गे इटलीला निघालं आणि १४७३ मध्ये डान्त्सिगच्या (आजच्या ग्दान्स्कच्या) पाउल बेनेके नावाच्या खाजगी युद्धनौकेच्या कप्तानाने जहाजच पकडलं. चित्र डान्त्सिगच्या सेंट मेरी चर्चला गेलं. पोपने तक्रार केली, उपयोग झाला नाही. आज ते पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या चित्रात मायकेल देवदूताच्या तराजूत, तरलेल्या आत्म्याच्या पारड्यात हात जोडून बसलेल्या माणसाला तोमाझो पोर्तिनारीचा चेहरा आहे, असं मानलं जातं. पोर्तिनारी म्हणजे ज्याने तानीला शाखाप्रमुख पदावरून बाजूला सारलं तोच! दोघांचे पटत नसलेले संबंध बँकेच्या कागदपत्रांत सापडतात. चित्रात मात्र एक बाहेरून प्रार्थना करतोय आणि दुसरा आत तराजूत बसून तरतोय.

याच पोर्तिनारीने ह्यूगो व्हॅन डर गूसकडून एक प्रचंड वेदीचित्र करवून घेतलं, उघडल्यावर सुमारे सहा मीटर रुंद. ते १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचलं. शहराच्या दारापासून सांता मारिया नुओव्हा रुग्णालयाच्या चर्चपर्यंत न्यायला सोळा हमाल लागले. ते रुग्णालय त्याच्याच घराण्यातल्या फोल्को पोर्तिनारीने १२८८ मध्ये स्थापन केलेलं. डावीकडे तोमाझो आणि दोन मुलगे, उजवीकडे बायको मारिया आणि मुलगी. त्यांच्या मागचे संत मात्र अवाढव्य. इथे ह्यूगोने मुद्दाम जुनी रीत परत आणली आणि दात्यांना पुन्हा लहान केलं. चित्र पोहोचलं तोवर बँकेची ब्रुज शाखा बुडाली होती, आणि बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला दिलेली बेसुमार कर्जं हे त्याचं मोठं कारण होतं. त्या चित्रात बाळ येशूला बघायला आलेल्या ज्या मेंढपाळांच्या रापलेल्या, उघड्या तोंडांच्या चेहऱ्यांनी फ्लॉरेन्सचे चित्रकार थक्क झाले, ते बुडत्या बँकेच्या पैशांतून आले आहेत.

घराण्याच्या चित्रांत मेलेली माणसंही बसतात. उत्तर युरोपात कधीकधी त्यांच्या डोक्यावर छोटा क्रूस काढतात. पण होल्बाइनने बाझेलचा माजी महापौर याकोब मायर याच्यासाठी १५२६ मध्ये केलेलं चित्र या खुणेशिवायही सांगून जातं. मरियेच्या उजव्या बाजूला मायर आणि दोन मुलगे. दुसऱ्या बाजूला तीन स्त्रिया. त्यांतली मरियेला सर्वांत जवळची त्याची पहिली बायको माग्डालेना, जी १५११ मध्येच वारली होती. तिची हनुवटीही पांढऱ्या कापडात गुंडाळलेली आहे. तिच्या शेजारी दुसरी बायको डोरोथेया, आणि पुढे मुलगी आना. मरियेचा झगा या सगळ्यांवर पसरलेला आहे, मेलेल्यांवर आणि जिवंतांवर सारखाच. काही वर्षांनी होल्बाइनने याच चित्रावर पुन्हा हात फिरवला. आनाचे आधी मोकळे रंगवलेले केस आता वेणी घालून शिरोभूषणाखाली बांधलेले आहेत, कारण मुलगी लग्नाच्या वयात आली होती. चित्र घरच्या आयुष्याबरोबर बदलत होतं. बाझेलमध्ये धर्मसुधारणेचं, म्हणजे कॅथलिक चर्चविरुद्ध उठलेल्या प्रोटेस्टंट चळवळीचं, वारं जोरात होतं, मायर जुन्या पंथाचा कट्टर समर्थक होता. फेब्रुवारी १५२९ मध्ये तिथल्या चर्चमधली चित्रं आणि मूर्ती जमावाने फोडल्या. परगेटरीच नाकारली की मृतांसाठीच्या मिस्सा जातात, आणि मिस्सा गेल्या की या चित्रांचं कामच उरत नाही. ल्यूथरपंथी जर्मनीत कुटुंबं स्मृतिचित्रांत पुढेही दिसत राहिली, पण त्यांनी बघणाऱ्याकडे प्रार्थना मागणं थांबवलं. होल्बाइनचं ते चित्र आज जर्मनीत श्वेबिश हाल गावात आहे.

पैसे दिले की चित्रात मानाची जागा मिळायचीच का? नाही, आणि याचा पुरावा वाचून मन अस्वस्थ होतं. मांतुआमध्ये दानिएले दा नोर्सा या ज्यू बँकवाल्याने १४९३ मध्ये एक घर घेतलं. दर्शनी भिंतीवर मरियेचं चित्र होतं. त्याने चर्चच्या अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन, त्याचे पैसे भरून ते काढलं. लोक खवळले. ६ जुलै १४९५ ला फोर्नोव्होची लढाई झाली. मांतुआच्या फ्रांचेस्को गोंझागाने ती जिंकल्याचा दावा केला आणि मरियेला नवस फेडण्यासाठी मांतेन्याकडून चित्र करवून घेतलं. त्याची ११० डुकाट (सोन्याची नाणी) ही किंमत नोर्साकडून वसूल केली. त्याचं घर पाडून त्या जागी चर्च उभं केलं. लूव्रमधल्या त्या चित्रात गोंझागा चिलखतात गुडघे टेकून आहे, मरिया हात पुढे करून त्याला आशीर्वाद देते, आणि पैसे देणारा कुठेच नाही. मांतुआच्या सांत’आंद्रेआ चर्चमध्ये एका अज्ञात चित्रकाराचं दुसरं चित्र आहे. त्यात नोर्सा कुटुंब दिसतं, पण मरियेच्या सिंहासनाखाली, वेगळ्या पट्ट्यात. पुरुषांच्या कपड्यांवर ज्यू असल्याची सक्तीची खूण आहे, आणि ज्यूंचा उद्धटपणा मोडल्याची घोषणा करणारा लेख आहे. त्यांचे हात जोडलेले नाहीत आणि त्यांच्या मागे संत नाही. दात्याच्या चित्राचे सगळे नियम इथे उलटे वापरले आहेत, तेही त्याच माणसांना खाली दाबण्यासाठी. हे बघितल्यावर, गुडघे टेकण्याची ती जागा किती मोलाची होती आणि ती कोणाला द्यायची हे कोण ठरवत होतं, ते लख्ख कळतं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर एक करार उपयोगी पडेल. १४८५ मध्ये फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या चर्चसाठी गिर्लांदायोशी झालेल्या करारात ‘ज्ञानी पुरुषांच्या वंदना’चे ११५ फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) ठरले होते, आणि निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचाच वापरावा अशी अट होती. तो निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. म्हणून मरियेच्या झग्याचा निळा हाही दानाचाच भाग.

पुढच्या सहलीत वेळ मिळाला तर काही चित्रं अजून त्यांच्या मूळ चर्चमध्ये आहेत, ती आधी बघा. गेंटचं वेदीचित्र सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये आहे. ते आता वाइडच्या मूळ चॅपेलमध्ये नाही, पण ते चॅपेलही त्याच इमारतीत पाहता येतं. फ्लॉरेन्सच्या सांता त्रिनितामध्ये सास्सेत्ती चॅपेल आहे. फ्रांचेस्को सास्सेत्ती हा मेदिची बँकेचा मुख्य व्यवस्थापक, म्हणजे पोर्तिनारीचा वरिष्ठ. तो आणि त्याची बायको नेरा भिंतीवर वेदीच्या दोन बाजूंना गुडघे टेकून आहेत, मधे गिर्लांदायोचं १४८५ चं वेदीचित्र, आणि त्यातले मेंढपाळ ह्यूगोकडून शिकून घेतलेले. दोघांची काळ्या दगडाची थडगी त्याच चॅपेलच्या बाजूच्या भिंतींत आहेत. व्हेनिसच्या फ्रारी चर्चमध्ये तित्सियानचं पेझारो वेदीचित्र १५२६ पासून आपल्या जागी आहे, आणि दाता बिशप याकोपो पेझारो याचं थडगं त्याला लागूनच. वेदी, थडगं आणि चित्र एका नजरेत येतील असे उभे राहा आणि मग चेहऱ्यांकडे जा. पादुआच्या चॅपेलला ठरावीक वेळेचं आगाऊ तिकीट लागतं आणि आत थोडीच मिनिटं मिळतात. तिथे पश्चिमेच्या भिंतीवर क्रुसाच्या खाली, डावीकडे एन्रिको सापडेल.